परवडणारं आणि चांगलं

कामतघरच्या विनिता रामदास उबाळे हिने २००६ सालच्या जून महिन्यात सार्वजनिक आरोग्य शिकायचं ठरवलं. तिचं वय एकवीस होतं, सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली होती आणि घरात कोणाचाही आक्षेप नव्हता. परिस्थिती इतकी अनुकूल असूनही पुढचं सगळं घडलं, म्हणून ते लिहून ठेवणं भाग आहे.

आदल्या वर्षी पोलिओच्या मोहिमेत ती यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, गल्ल्यांतून घरोघर हिंडली होती. एका नळावरची सगळी माणसं एकाच आठवड्यात आजारी पडतात, डॉक्टर प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी लिहून देतो आणि नळाकडे कोणी बघत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने मोहिमेच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण तो विचारायला पदविका लागते."

तिची आई द्रौपदी हिने नीट चौकशी केली. "डाक्तर न्हाय, नर्स न्हाय. मग ह्यात शिकवतात काय?"

"लोक आजारीच पडू नयेत, ते."

"लोक आजारी पडलेच न्हाय तर तुला पगार कोन देल?"

वडील रामदास एसटीत कंडक्टर होते. सुट्या पैशांवरून लोकांशी भांडून भांडून त्यांचा स्वभाव शांत झाला होता. ते म्हणाले, "शिकू दे गं. फक्त कॉलेज चांगलं पाहिजे आणि परवडलं पाहिजे."

कल्याणच्या करिअर मार्गदर्शन केंद्रातल्या मॅडमनी हे वाक्य ऐकून चष्मा काढून ठेवला.

"हे बघा, माझ्याकडे दोन फायली आहेत. निळ्या फायलीत चांगली कॉलेजं. पिवळ्या फायलीत परवडणारी. दोन्हींत बसेल असं कॉलेज ठेवायला माझ्याकडे फाईल नाही."

निळ्या फायलीतल्या पहिल्या संस्थेला विद्यार्थी आधीच डॉक्टर असायला हवा होता. दुसरीला नसला तरी चालत होता, पण तिची दोन वर्षांची फी उबाळ्यांच्या खोलीच्या किमतीइतकी होती, आणि खोली विकल्यावर राहायचं कुठे, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. पिवळ्या फायलीत एक पोस्टाने शिकवणारी संस्था होती. तिची पुस्तकं परीक्षेनंतर यायची. दुसऱ्या ठिकाणी विनिताने फोन लावला तेव्हा पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, "कॉलेज तो बंद हो गया मॅडम, पर ॲडमिशन चालू है."

अशा वेळी वर्तमानपत्रातून एक गुलाबी कागद घरात पडला. त्यावर लिहिलं होतं : संजीवन सार्वजनिक आरोग्य महाविद्यालय, वडपे. एक वर्षाची पदविका. माफक शुल्क. उत्कृष्ट दर्जा.

वडप्याला हायवेला लागून गोदामांच्या रांगाच रांगा. त्यांतल्या चौदा नंबरच्या गाळ्यात हे महाविद्यालय होतं. वर्गाच्या भिंतीवर 'माल सांभाळून उतरवा' ही जुनी सूचना अजून ठळक होती. गाळा धनेश म्हात्रे यांचा. भाडेकरू कंपनी सोडून गेल्यावर वर्षभर गोदाम रिकामं राहिलं, म्हणून शेठनी त्यात शिक्षण भरलं होतं. त्यांनी बापलेकीला स्वतः चहा पाजला.

"फी अठरा हजार. तीन हप्त्यांत द्या. गरिबाची पोरं शिकली पायजेत, यो आपला तत्त्व हाय."

"मान्यता आहे ना?" रामदासनी विचारलं.

"अर्ज केलाय. समिती येनार हाय. समिती आली का मान्यता येल, मान्यता आली का संडास बांधू."

"संडास नाही?" विनिताने विचारलं.

"नकाशात हाय ना," शेठ म्हणाले आणि त्यांनी नकाशा दाखवला. संडास खरोखरच नकाशात होता. चांगला प्रशस्त होता.

अठरा हजार परवडत होते. विनिताने नाव घातलं.

प्राचार्य काळूराम सर हे निवृत्त स्वच्छता निरीक्षक. ते मन लावून शिकवत, हे मान्य करायलाच हवं. साथ कशी शोधायची, आजाऱ्यांची यादी कशी करायची, नकाशावर ठिपके कसे मांडायचे, हे त्यांनी बावीस विद्यार्थ्यांना असं शिकवलं की विनिता घरी येऊन आईच्या स्वयंपाकघराचाही नकाशा काढू लागली. शौचालयाचे सामाजिक महत्त्व या विषयावर सर तीन दिवस बोलले. मधल्या सुट्टीत मुलंमुली शेजारच्या ढाब्याच्या संडासात जात होती.

जानेवारीत अकलोलीहून येणाऱ्या दिपालीचे डोळे पिवळे झाले. दिपाली विनिताच्या बाकावर बसायची. दोघी एका डब्यात जेवायच्या. मग आणखी चौघं आजारी पडली. महिनाअखेर नऊ जण काविळीने घरी होते. वर्गात जागा झाल्यामुळे उरलेले ऐसपैस बसू लागले.

विनिताने शिकवल्याप्रमाणे केलं. नऊ जणांच्या घरी जाऊन यादी केली, तक्ता मांडला. घरून पाण्याची बाटली आणणारा एकही जण आजारी नव्हता. आजारी होते ते सगळे गाळ्यामागच्या जमिनीतल्या टाकीचं पाणी पीत. तिने टाकीभोवती फिरून पाहिलं. टाकीच्या भिंतीला तडा होता आणि दोन हातांवर ढाब्याच्या संडासाचा खड्डा भरून वाहत होता. म्हणजे विद्यार्थी सुट्टीत जे तिकडे सोडून येत होते, तेच तासाला इकडे पीत होते. रोग पसरण्याच्या या मार्गाला अभ्यासक्रमात दहा गुण होते.

तिने चार पानी अर्ज लिहून प्राचार्यांपुढे ठेवला. सरांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"विनिता, तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं स्वच्छ काम पाहिलं नाही. आता मला एकच सांग. ही तक्रार आहे की प्रकल्प?"

"म्हणजे?"

"तक्रार असेल तर ती तक्रार निवारण समितीकडे जाईल. समिती मान्यता मिळाल्यावर स्थापन होईल. प्रकल्प असेल तर आत्ता नोंदवतो. साथरोग नियंत्रण, प्रात्यक्षिक, शंभर गुण."

"प्रकल्प म्हणा सर, पण टाकी आज साफ करा."

"आज कशी करणार?" सर चकित झाले. "एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक येतील. ते टाकी बघणार, तडा बघणार. आपण पुरावाच धुऊन टाकला तर तुला गुण कशाचे देतील?"

दुसऱ्या दिवशी टाकीवर पाटी लागली : 'शैक्षणिक साहित्य. मूळ स्थितीत ठेवावे. हात लावू नये.' पाणी पिऊ नये असं पाटीवर नव्हतं, कारण पाणी हे शैक्षणिक साहित्यात मोडत नव्हतं. विनिताने वर्गात सगळ्यांना टाकीचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. प्राचार्यांनी तिला कार्यालयात बोलावून समजावलं, की निरीक्षण करणाऱ्याने साथीच्या नैसर्गिक वाटचालीत ढवळाढवळ केली तर आकडे बिघडतात.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिपालीला ठाण्याच्या इस्पितळात हलवलं. विनिता भेटायला गेली तेव्हा दिपाली माणसं ओळखत होती, पण नावं चुकत होती. तिची आई कमळ विनिताचा हात सोडेना. "तुम्ही तर हेच शिकता ना गो बाय?" ती म्हणाली. "मग कुनालाच कसा न्हाय समजला?"

समजलं होतं, त्याला अनुक्रमांकही मिळाला होता, हे विनिताला त्या बाईपुढे बोलवेना.

घरी येऊन ती जेवली नाही. रामदासनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रविवारी कॉलेजात कोण असतं?"

"कोणी नाही."

रविवारी सकाळी बापलेक वडप्याला उतरले. बरोबर बादल्या, ब्लीचिंग पावडर आणि अर्धी गोणी सिमेंट. दुपारपर्यंत टाकी उपसली, घासली. कंडक्टरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरून तडा बुजवला. तळाच्या गाळात त्यांना संस्थेचंच एक भित्तिपत्रक सापडलं : 'स्वच्छ पाणी, निरोगी जीवन.' विनिताने ते धुऊन वाळत घातलं.

फेब्रुवारीअखेर शेवटचा विद्यार्थी आजारी पडला. त्यानंतर कोणीही नाही. मार्चमध्ये दिपाली उठून बसली आणि तिने विनिताला तिच्या नावाने हाक मारली.

एप्रिलमध्ये परीक्षक आले. त्यांनी सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायलं आणि विनिताचा अहवाल उघडला.

"साथ कुठे आहे?"

"थांबली, सर."

"आपोआप?"

"नाही. मी थांबवली. टाकी साफ केली, तडा बुजवला."

"कोणाच्या लेखी परवानगीने?"

विनिता त्यांना टाकीपाशी घेऊन गेली. परीक्षकांनी टाकीत वाकून पाहिलं. "तडा दिसत नाही. दूषित पाणी नाही. रुग्ण नाहीत. मग तुमचा निष्कर्ष बरोबर आहे हे मी कशावरून ठरवू?"

"सर, रुग्ण नाहीत यावरूनच."

"अनुपस्थिती हा पुरावा नसतो, बाळ," परीक्षक मायेने म्हणाले.

विनिताच्या पुढच्या बाकावरचा राकेश याने तिचाच नकाशा निळ्या शाईने काढला होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'सदर साथीवर योग्य ती कार्यवाही होणे उचित वाटते.' त्याला ब्याऐंशी गुण मिळाले. दिपालीची हजेरी कमी भरली होती, पण साथीत प्रत्यक्ष सहभाग घेतल्यामुळे तिला उत्तीर्ण करण्यात आलं. विनिताच्या गुणपत्रिकेवर शेरा आला : 'साथरोग नियंत्रण, प्रात्यक्षिक : अनुत्तीर्ण. विद्यार्थिनीने अभ्यास पूर्ण होण्यापूर्वीच साथ नियंत्रित केली. फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये, साथ उपलब्ध असल्यास.'

मे महिन्यात मान्यतेची समिती आली. तिने टाकी पाहिली आणि 'पाणीपुरवठा आदर्श' असं लिहून मान्यता दिली. धनेशशेठनी हायवेवर फटाके लावले. त्या गडबडीत काळूराम सर एसटीच्या थांब्यावर विनिताजवळ येऊन उभे राहिले.

"तू केलंस ते बरोबर होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी एवढंच सांगू शकतो. तेही तोंडी."

"लिहून द्याल, सर?"

सरांनी बस येतेय का ते पाहिलं. बस येत नव्हती, तरी ते निघून गेले.

विनिताने फेरपरीक्षेला बसायचं नाही असं ठरवलं. तिने कंत्राटावर सर्वेक्षणाचं काम धरलं. चाळीतल्या टाक्यांची झाकणं उघडून बघायची आणि गाळ दिसला की तिथेच लोकांना जमवून उपसून घ्यायची. पदविका नसल्यामुळे ती हे सगळं कुणालाही न विचारता करू शकत होती.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. कामतघरात ती एकटीच त्या कॉलेजात शिकलेली, म्हणून लोक घरी येऊ लागले. पहिल्यांदा गुणाबाई आपल्या नातीला, सोनलला, घेऊन आली. विनिताने काही लपवलं नाही. गोदाम, टाकी, संडासाचा खड्डा, दिपालीचं इस्पितळ, ब्याऐंशी गुण, सगळं सांगितलं. गुणाबाईने दोनदा तोंडाला पदर लावला. "अरे देवा," ती म्हणाली, "लोकांच्या जिवाशी खेल हाय हा." मग तिने विचारलं, "पन आता मान्यता आली ना?"

"आली."

"आनि फी तीच हाय?"

"तीच."

गुणाबाईने नातीकडे पाहिलं, नातीने घड्याळाकडे. दोघी वडप्याची बस पकडायला निघाल्या.

त्या वर्षी बावीसच्या जागी साठ विद्यार्थी झाले. विनिताने ही हकीकत पुढे ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सर्वांनी आधी व्यवस्थेला शिव्या घातल्या आणि जाताजाता दारात चपला घालताना कॉलेजचा फोन नंबर मागितला. तुम्ही अजून मागितलेला नाही. संकोच करू नका. फॉर्म तीस तारखेपर्यंत मिळतात.