मागे डोंगर, पुढे पाणी

निवृत्तीनंतर कसं राहायचं, हे ओंग खेंग लिओंगने अगदी पक्कं ठरवलं होतं. मागे डोंगर, पुढे पाणी, आजूबाजूला शांतता आणि दोघांपुरती जागा. पेनांगच्या बंदरात उभा जन्म पेटाऱ्यांवर शिक्के मारण्यात घालवलेल्या माणसाने एवढं मागितलं, तर कुणाचं काय बिघडलं!

बिघडत होतं ते बायकोचं. सिऊ चूला आयर इतामच्या बाजाराजवळचा जुना फ्लॅट सोडायचा नव्हता. कॅमेरॉनच्या डोंगरात गुडघे धरतील, लंकावी बेटावर डास चावतील आणि सिंगापूरला मुलाकडे गेलं तर सून चावेल. प्रत्येक जागेसाठी तिच्याकडे नकार तयार असायचा. “तू जा म्हाताऱ्या, मी नववर्षाला येऊन जाईन,” असं ती वर म्हणायची. खेंग लिओंगला साधा भात लावता येत नव्हता. म्हणजे तिचा होकार मिळाला तर डोंगर आणि पाणी, नाहीतर पाचवा मजला आणि कायम बंद पडलेली लिफ्ट.

अशात त्याला महामार्गावर एक भला मोठा फलक दिसला. तळं, टेकडी, गर्द झाडी आणि पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं. ‘आयुष्यभर कष्ट केलेत, आता निवांत व्हा. मागे डोंगर, पुढे पाणी.’ आपल्या डोक्यातलं चित्र कुणीतरी चोरून रंगवलंय असंच त्याला वाटलं. त्याने तिथल्या तिथे गाडी थांबवून फोन लावला, आणि रविवारी कॉफी पाजतो म्हणून बायकोला गाडीत बसवलं.

फाटकावर दगडी सिंह होते आणि आत तळ्यात लालभडक मासे. विक्रीचं काम बघणाऱ्या मिसेस याप मोत्यांची माळ घालून दोन्ही हात जोडून उभ्या होत्या. आता, आम्हा चिनी लोकांत वयस्कर माणसांसमोर एका गोष्टीचं नाव काढत नाहीत. नाव काढलं की ती येते, असं म्हणतात. मिसेस यापचा धंदाच त्या गोष्टीवर चालायचा, त्यामुळे ती टाळून बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिघंही बॅटरीच्या छोट्या गाडीत बसली आणि गाडी तळ्याच्या कडेने निघाली.

खेंग लिओंगने पहिल्यांदा शेजाऱ्यांची चौकशी केली. खालच्या मजल्यावरच्या कराओकेने त्याचे कान किटले होते.

“शेजार एकदम शांत, अंकल. इतक्या वर्षांत एकाचीही तक्रार नाही.”

त्याने बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. ती निवांत तळ्यातले मासे बघत होती. एरवी ही बाई दारातच चार उणिवा काढायची, म्हणजे मासा गळाला लागत होता.

स्वयंपाकघराचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा मिसेस याप जरा घुटमळल्या. “इथे कुणी स्वयंपाक करत नाही. जेवण मुलं घेऊन येतात.”

“रोज?”

“छे, एप्रिलमध्ये एकदा. गुणी मुलं असली तर वर्षातून दोनदा.”

खेंग लिओंग गोंधळला. हा बहुधा ते नवीन उपासाचे प्रकार चालवणारा आश्रम असावा. पण बाई बोलतच होत्या. देखभाल कायमची, गवत कापायला माणसं, चोरीची भीती नाही, आणि एकदा आलेलं कुणी सोडून गेलेलं नाही. मुलांसाठी शेजारची जागा आत्ताच धरून ठेवली तर स्वस्तात पडेल. त्याला काहीतरी खटकत होतं, पण काय ते उमगत नव्हतं. शेवटी त्याने मुद्द्यालाच हात घातला.

“पुढच्या महिन्यात राहायला आलो तर चालेल?”

मिसेस यापचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सिऊ चूकडे, आणि हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. “डॉक्टरांनी तसं सांगितलंय का, अंकल?”

तेवढ्यात गाडी वळणावरून पलीकडे गेली आणि टेकडीची पुढची बाजू समोर आली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत थडगीच थडगी. गुळगुळीत दगडाची, ओळीने, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. काहींवर नाव कोरलेलं आणि काही कोरी, ग्राहकाची वाट पाहत असलेली.

खेंग लिओंगच्या तोंडचं पाणी पळालं. दर एप्रिलमध्ये वाडवडिलांची थडगी झाडून त्यांच्यापुढे जेवण मांडताना बापाने त्याला शंभरदा सांगितलं होतं, की चांगल्या थडग्याला मागे डोंगर लागतो आणि पुढे पाणी. आणि निवृत्तीनंतर अशीच जागा हवी म्हणून तो स्वतः सगळ्या बंदराला सांगत फिरला होता. आता बायको त्याला जिवंत सोडणार नव्हती. तो घाईघाईने म्हणाला, “चल, घरी जाऊ. चूक झाली माझी.”

“कसली चूक? मला फाटकातच कळलं होतं,” सिऊ चू म्हणाली. ती गाडीतून उतरली, दोन कोऱ्या थडग्यांच्या मधे उभी राहिली आणि सरळ हिशेब मांडू लागली. वारा आहे, जिना नाही, गुडघ्यांचा तर प्रश्नच मिटला. मग तिचा आवाज जरा खाली आला. “तुझ्या त्या डोंगरातल्या घरी पोरं आली असती का रे? इथे वर्षातून एकदा तरी झक मारत येतील. नाही आली तर लोक तोंडात शेण घालतील त्यांच्या.”

तीन नववर्षं झाली, मुलगा फोनवरच शुभेच्छा देत होता.

“म्हणजे तुला पसंत आहे?”

“पसंत आहे. पण तोवर मी फ्लॅट सोडणार नाही, लिफ्ट चालो न चालो.” मग ती मिसेस यापकडे वळली. “दोन्ही जागा एकमेकींना अगदी चिकटूनच असतात का हो? जरा अंतर ठेवता आलं तर बघा. हा घोरतो.”