फायरवॉल कोटाच्या नकला मोडल्या त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, आणि वीज असो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, संगणक प्रांती फायरवॉल नामे कोट होता. कोटाचे पोटात गाभा म्हणोन ठाणे, आणि कोणास आत घ्यावे, कोणास न घ्यावे, याचे नियम तेथे ओळीने लाविले असत. पहारेकरी वरून खाली वाचीत आणि ‘बाकी सर्वांस मज्जाव’ हा नियम लागला की पुढे वाचीत नसत. किल्लेदार रायाजी ढमढेरे काळ्या पडद्यावर हुकूम टंकीत आणि हुकूमनवीस नामे अवजार तो गाभ्यास पोचवी. हर हुकुमास गाभ्यापर्यंत जाणे दूर पडते, म्हणोन दिवाण चिंतोपंतांनी अवजाराजवळ नियमांची नक्कल ठेविली, तिजला कॅशे म्हणत. मग सगळी नक्कल जड होते म्हणोन अर्धी केली, मग पाव केली, मग कोणती नक्कल किती भरली हे कळावे म्हणोन खुणा केल्या, आणि त्या खुणांचा अर्थ एकटे पंत जाणत, तेही सकाळचे प्रहरी.

ऐशात इस्पितळी एक बाळंतीण रक्तावाचून अडली, आणि रक्तपेढीचा निरोप या कोटातूनच आत यावयाचा होता. रायाजींनी हुकूम टंकिला की रक्तपेढीस वाट देणारा नियम मज्जावाचे वर लावावा. अवजाराने नक्कल पाहिली. तीत दरवाजांची नावे मात्र होती, नियम एकही नव्हता, परंतु खूण म्हणे नक्कल पुरी आहे. मज्जाव कोठे दिसेना, तेव्हा अवजाराने नवा नियम आपला सर्वांचे शेवटी लाविला आणि पडद्यावर ‘काम झाले’ ऐसे कळविले. मग इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला, “ढमढेरे, वाट उघडली म्हणता, मग निरोप कुठे आहे?” रायाजी म्हणाले, “बाई, इथे तर काम झाल्याचं आलंय.” बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे आलंय. पेशंट माझ्याकडे आहे.”

रायाजींनी पंतांस बोलाविले. पंत म्हणाले, “अवजार खोटं बोलत नाही.” तेव्हा कोटाच्या दुरुस्तीवरील कारभारीण कमळजाबाई तेथे होत्या, त्या म्हणाल्या, “खोटं नाही हो पंत, ऐकीव बोलतं. ती नक्कल ठेवा बाजूला आणि गाभ्यालाच विचारा.” विचारिले, तो रक्तपेढीचा नियम मज्जावाचे खाली निवांत बसलेला. रायाजींनी तो वर घेतला आणि निरोप आत गेला, आणि रक्त पोचले, आणि बाळंतीण वाचली.

मग कमळजाबाईंनी अर्ध्या नकला, पाव नकला आणि खुणा सर्व मोडिल्या, आणि शिरस्ता घातला की हुकूम आधी वाचावा आणि नक्कल लागते की नाही ते ठरवावे. लागली तर ताजी आणि पुरी घ्यावी, न लागली तर घेऊच नये. पंत म्हणाले, “आणि वेगाचं काय?” बाई म्हणाल्या, “चुकायची घाई कोणाला आहे?” पंतांनी अबोला धरिला, परंतु खुणांचे अर्थ पुसावयास कोणी येईना, त्यामुळे दुपारची झोप नीट होऊ लागली, आणि मग अबोलाही सुटला.

एवंच, कोट राहिला, नकला गेल्या, मायलेकरे घरी पोचली. वर्षअखेर दरबारी बक्षिसांची बोलणी निघाली, तेव्हा थोरांनी पुसिले की बाईंनी नवे काय बांधिले, आणि दाखवावयास काहीच उरले नव्हते.