साळवे सरांचे तीन शत्रू

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले साळवे सर कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. ‘काय, आज कोण? पहिला, दुसरा की तिसरा?’ असं विचारतात आणि तीन बोटं आपल्या नाकासमोर नाचवतात. एका कुरियरवाल्याला वाटलं, मजला विचारताहेत. तो बिचारा ‘दुसरा’ म्हणाला. सरांनी त्याला जिन्यातच उभं करून जिभेचे चोचले आणि सकाळची झोप यांवर पंधरा मिनिटं सुनावलं. तेव्हापासून तो सगळी पार्सलं वॉचमनकडे टाकून पळतो, आणि सोसायटीची सेक्रेटरी म्हणून तक्रारी मी ऐकते.

सरांचं नाव शमुवेल साळवे. ख्रिस्ती. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांच्या धर्मात म्हणे माणसाच्या आत्म्याचे तीन शत्रू सांगितलेत: पहिला जग, दुसरा देह आणि तिसरा सैतान. असतील बापडे. माझी काही हरकत नाही. पण त्या तिघांना घेऊन यांनी गंगापूर रोडच्या आमच्या साध्यासुध्या बिल्डिंगमध्ये राहावं आणि त्यांची हजेरी रोज माझ्या दारात घ्यावी, हे जरा अतीच होतं.

देसाईंनी नवी गाडी घेतली, सरांनी एक बोट वर केलं. ‘पहिला. लोकांनी बघावं म्हणून घेतली.’ आमचे हे दुपारी घोरत पडले, दोन बोटं. लिफ्ट अडकली की थेट तीन. मी म्हणायचे, ‘सर, लिफ्टची सर्व्हिसिंग राहिलीय.’ तर म्हणतात, ‘कुणामुळे राहिली, वहिनी? मुळाशी जा!’ मुळाशी मीच होते. फोन करायचा मीच विसरले होते. मग काय बोलणार, कप्पाळ?

पाण्याचा पंप जळला तेव्हा मीटिंग बोलावली. नवा पंप कुठला घ्यायचा एवढाच विषय. सर उठले आणि चाळीस मिनिटं बोलले. पंपापासून निघाले ते बायबलातल्या एदेन बागेत पोचले, तिथून परत यायलाच तयार नाहीत. खाली टाकीत थेंब नाही, बायका बादल्या घेऊन खोळंबलेल्या. शेवटी मी वैतागून मीटिंगच्या वहीत लिहिलं, ‘पंप जळण्यामागे सैतान असल्याचे श्री. साळवे यांनी निदर्शनास आणले. सर्वानुमते नोंद घेण्यात आली.’ मला वाटलं, ओशाळतील. छे! चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ‘वा! पहिल्यांदा कुणीतरी नीट लिहिलं.’

एकदा मीही हटून बसले. म्हटलं, ‘सर, तुमचे तीनच. आमच्याकडे षड्रिपू आहेत, सहा. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर.’ त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या सहापैकी पाच उचलून आपल्या दुसऱ्यात टाकले. मत्सर तेवढा पहिल्यात. वर म्हणाले, ‘सहा म्हणजे गोंधळ होतो, वहिनी. तीन बरे. ऐन वेळी पटकन आठवतात.’

हे सगळं मी सहन केलं असतं. पण पहिला रविवार! महिन्याच्या दर पहिल्या रविवारी, सकाळी सव्वादहाला, हा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बगलेत बायबल घेऊन माझ्या दारात हजर. आठवड्यातला माझा एकच निवांत दिवस. डोक्याला तेल थापलेलं, अंगात जुना गाऊन, कढईत पोहे. सर आत येणार, पोह्यांकडे बघून दोन बोटं वर करणार, ‘दुसरा!’ म्हणणार आणि दोन बशा संपवणार. अकरापर्यंत घड्याळाकडे बघत बसणार. अकरा वाजले की उठणार. अशी किती वर्षं!

परवाच्या मार्चमध्ये माझा तोल सुटला. आदल्या दिवशी माहेरची माणसं येऊन गेली होती, कंबर मोडली होती. बेल वाजली. दार उघडलं तर तोच पांढरा शर्ट. मी म्हटलं, ‘सर, एक विचारू? बाकीच्या रविवारी तुम्ही चर्च सुटल्यावर साडेअकराला घरी येता. मग पहिल्याच रविवारी मध्येच उठून माझ्या डोक्यावर का हो येऊन बसता?’

बोलून गेले आणि जीभ चावली. सरांचा हात अर्धा वर आला होता, तो तसाच खाली गेला.

‘पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं,’ ते म्हणाले. ‘प्रवचन झालं की सगळे उठून पुढे जातात. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात. मी जात नाही. बसून राहिलो तर अख्ख्या बाकावर एकटाच दिसतो. म्हणून उठून येतो. इतक्या लवकर कुलूप उघडून रिकाम्या घरात जाववत नाही.’

‘पण जात का नाही पुढे?’

‘भावाशी वैर ठेवून तिथं हात पुढे करायचा नसतो, वहिनी. आधी समेट करायचा.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. धाकटा भाऊ दानिएल, सायखेड्याला असतो. तरुणपणी प्यायचा, मग सोडली. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं लग्न होतं. सरांना वधूवरांसाठी प्रार्थना करायला उभं केलं. बघतात तर दानिएलचे डोळे लाल, पाय लटपटताहेत. सरांनी डोळे मिटले आणि भर मांडवात, माईकवरून, व्याह्यांच्या देखत प्रार्थना केली, ‘हे प्रभू, माझ्या भावात शिरलेल्या सैतानाला बाहेर काढ.’

‘दुसऱ्या दिवशी कळलं,’ सर म्हणाले, ‘त्याच्या अंगात एकशेतीन ताप होता. पोरीचं लग्न म्हणून उभा होता.’

‘अहो, मग तेव्हाच माफी मागायची ना!’

‘चार वेळा गेलो. सायखेड्याच्या स्टँडवर उतरतो, चहा पितो, परतीच्या बसमध्ये बसतो.’

मला इतका संताप आला म्हणून सांगू! नऊ वर्षं माझे पोहे खाल्ले या माणसाने, आणि तोंडातून अवाक्षर नाही. मी गॅस बंद केला, गाऊनवरून तशीच साडी गुंडाळली, तेलकट डोक्यावर हेल्मेट चढवलं. म्हटलं, ‘बसा मागे. आणि वाटेत एक बोट जरी वर केलंत ना, तर तिथेच उतरवीन.’

रस्ताभर माझ्या पाठीत बायबल टोचत होतं. गावाजवळ आल्यावर म्हणाले, ‘वहिनी, आधी स्टँडवर चहा घेऊया?’ मी स्कूटर अजून पळवली.

दानिएल ओट्यावर लसूण सोलत बसला होता. सरांसारखंच नाक, तसेच कान. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा लसूण सोलू लागला. सर अंगणात उभे. एवढा बोलका माणूस, चाळीस मिनिटं पंपावर बोलणारा, त्याला शब्द फुटेना. मी मागून ढोसलं.

‘दाना,’ ते कसेबसे म्हणाले, ‘तुझ्यात नव्हता रे तो. माझ्यात होता. चुकलो मी.’

दानिएलने हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाला, ‘नऊ वर्षं लागली व्हय रं भाऊ सायखेड्याला यायला? येष्ट्या बंद व्हत्या काय?’ आणि आत वळून ओरडला, ‘दोन ताटं वाढ गं! भाऊ आलाय.’ सर तिथेच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी लसूण सोलायला घेतला. दुसरं करणार काय?

परत आल्यावर आमच्या बिल्डिंगखाली उतरले, फक्त ‘वहिनी’ म्हणाले आणि जिना चढून गेले.

एप्रिलचा पहिला रविवार आला. मी नेहमीसारखे पोहे टाकले, जरा जास्तच. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. बेल नाही. अकरा वाजले तरी नाही. आता माणसाने एका शब्दाने कळवू नये? पोहे गार झाले की! मी तणतणत दाराबाहेर डोकावले. समोर कुलूप होतं.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर उठून आले नव्हते. या वेळी सगळ्यांबरोबर पुढे गेले होते.

मला काय झालं कोण जाणे, डोळे भरून आले. आत येऊन मी त्यांची बशीही पुढे ओढली आणि खायला बसले. आमच्या ह्यांनी पेपरावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच दोन बोटं वर केली.

‘गप्प बसा,’ मी म्हटलं. ‘लिंबू द्या इकडे.’