लिंबाजीमामांचं पुरं नाव

लिंबाजीमामांनी एका सकाळी स्वतःच्या सख्ख्या चुलतीला विचारलं, "नाव?"

चुलती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मुडद्या, तुला न्हाऊ घातलंय मी!"

"मला घातलंय, काकू. ह्या मशिनीला कुठं घातलंय? तिला काय ठावं? पुरं सांगा. नवऱ्याचं, गावाचं, वस्तीचं."

वडवणीजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात मामा संगणकावर रुग्णांच्या नोंदी करत आणि मी शेजारच्या खिडकीतून गोळ्या देई. अर्धं नाव सांगणारा माझ्या खिडकीपर्यंत पोचतच नसे. रांग बाहेर पाण्याच्या टँकरला टेके. कुणी ओरडे, "मामा, सोयरीक जुळवायलात का?" मामा मान वर न करता म्हणत, "बिननावाचा माणूस आपल्याकडं चालत न्हाई."

दुष्काळाचं वर्ष होतं. जवळच्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही, म्हणून ऊसतोडीच्या टोळ्या लांब कर्नाटकात निघाल्या. जाताना रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या मिळत. पुढं सगळं देवावर. त्याच वेळी पुण्याहून एक डॉक्टर मॅडम आल्या. गोळ्या मधेच बंद पडल्यावर तोडीवरची माणसं कशी कोलमडतात, हे त्यांना आमच्या संगणकातल्या नोंदींवरून दाखवायचं होतं. ते दाखवता आलं असतं, तर अख्ख्या हंगामाच्या गोळ्या एकदम द्या, असं सरकारला सांगता येणार होतं.

"फक्त नावं काढून नोंदी पाठवा," मॅडम म्हणाल्या. "नावाच्या जागी नंबर. लोकांचं दुखणं खाजगी असतं."

मामांचा चहा बशीतच राहिला. "नाव काढल्यावर ऱ्हायलं काय, मॅडम?"

"आकडे, मामा."

"आकडा तर बैलाच्या कानातबी असतो."

मॅडम हसल्या. मामा हसले नाहीत, पण हो म्हणाले. पुढं कितीतरी दिवस ते जेवणाच्या सुट्टीतही टकटक करत बसलेले असत. मला वाटलं, नोंदी तपासतायत. नावाचा रकाना पुसून नोंदी पुण्याला गेल्या.

मग मॅडमचा फोन आला. "अहो, प्रत्येक रुग्णाच्या शेऱ्यात पुरं नाव लिहिलंय! 'सदर गोळी पारूबाई महादेव, माळवस्ती, हिनेच घेतली.' एकेक शेरा वाचून नावं काढायला माझ्याकडं माणूस नाही, मुदतही संपली. माझ्या अभ्यासात तोडीला जाणारे रुग्ण तर फक्त तुमच्याच केंद्राचे होते." त्या थांबल्या. "आता काहीच सांगता येणार नाही."

मी मामांना सांगितलं.

"नाव ऱ्हायलं म्हणून फेकलं?"

"हो."

"आन् गोळ्या?"

मी नकारार्थी मान हलवली. मामांनी संगणक बंद केला. स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "आमचा आसाराम तोडीला गेलता. थोरला भाऊ. फडात पडला. मुकादमानं दवाखान्याच्या दारात टाकला आन् टोळी पुढं गेली. नाव सांगायला कुणीच न्हवतं. आमी पोचलो तवर बेवारस म्हणून जाळलाबी. दवाखान्याच्या वहीत नुसता नंबर होता." मग माझ्याकडं बघितलं. "ह्यांचं तसं होऊ न्हाई, एवढंच वाटलं बघा. मीच खाल्ल्या की त्यांच्या गोळ्या."



पुढच्या हंगामालाही टोळ्या महिन्याच्याच गोळ्या घेऊन गेल्या. ट्रक हलला की मामा मागं चालत जात. "पारूबाई, नावाची चिठ्ठी हाय न्हवं कनवटीला?"

"हाय की मामा! कितींदा इचारता?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा गेले. बायकापोरं नव्हतीच. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ मी होतो. खिडकीतल्या कारकुनानं वर न बघता विचारलं, "नाव?"

मी सांगितलं. वडिलांचं, गावाचं, वस्तीचं.

"एवढं लागत न्हाई हो, सर."

"असू द्या," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.