लाल स्टिकर आणि खुंटीवरचा शर्ट

"आठ दिवसांत या घरातनं प्लॅस्टिकची शेवटची पिशवी बाहेर गेली नाही, तर नावाचा चिमाजी नाही," असं चिमाजींनी ज्या रविवारी जाहीर केलं, त्याच रविवारी त्यांच्या डोक्यावर पिशव्या पडल्या होत्या.

माळ्यावरचं पातेलं काढायला ते स्टुलावर चढले, फळी सरकवली आणि पिशव्यांनी गच्च भरलेली एक मोठी पिशवी धबकन अंगावर आली. काळेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत त्यांच्या बायकोनं, म्हणजे सुमनताईंनी, आजवर आलेली एकही पिशवी टाकली नव्हती. "लागते कधीतरी," एवढंच त्यांचं म्हणणं. चिमाजींनी हट्टानं मोजल्या. दोनशे चौदा भरल्या. त्यातली एक लातूरच्या साडीदुकानातली, मुलाच्या, नवनाथच्या, बारशाच्या वेळची. त्या नवनाथला आता बायको होती.

चिमाजी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत होते. लाइनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, उलटासुलटा फिरवून बघायचा आणि निकाल द्यायचा: ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. ओके पुढं जाणार, रिवर्क घासूनपुसून परत येणार आणि रिजेक्टवर लाल स्टिकर बसून तो लाल पेटीत जाणार. एकदा स्टिकर बसला की तो क्वालिटीवाल्याशिवाय कुणी काढायचा नाही. हा नियम अख्ख्या लाइनला चिमाजींनीच शिकवला होता, तोही आवाज चढवून.

हीच पद्धत घरी आणायची त्यांनी ठरवलं. छपाई तिरकी आली म्हणून कंपनीनं टाकून दिलेला लाल स्टिकरांचा एक रोल ते सुपरवायझर निरंजनला विचारून घेऊन आले. म्हणजे रिजेक्टचे स्टिकरच रिजेक्ट झालेले.

"नीट ऐका," त्यांनी बायकोला आणि सून दीपमालाला समोर बसवून सांगितलं. "लाल स्टिकर लागला की ती वस्तू घरात नको. प्लॅस्टिक असेल तर सुक्या कचऱ्यात, घंटागाडीला. कापड असेल तर दीपमालानं मशीनवर पिशव्या शिवायच्या. आणि दर वेळी मला विचारत बसायचं नाही."

"एकदासुद्धा नाही?" सुमनताईंनी विचारलं.

"एकदासुद्धा नाही. विचारलं की काम थांबतं."

मग चिमाजी घरभर सुटले. फुटकी बादली, झाकण हरवलेले डबे, तीन वर्षांची कॅलेंडरं, सगळ्यांना स्टिकर लागले. एक सुमनताईंच्या मिक्सरलाही लागला. त्यांनी नुसतं बघितलं. चिमाजींनी तो स्वतःच्या हातानं काढला.

शनिवारी ते रिटायर होणार होते, आणि त्या दिवसात त्यांचा खरा जीव होता एका फोटोत. एकतीस वर्षांत त्यांचा कामावरचा एकही फोटो नव्हता, कारण गेटवरच फोनच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लागायची. गावाकडचा भाऊ अजून विचारायचा, "चिमा, तू कंपनीत नक्की करतोस काय रे?" शनिवारी कंपनीचा फोटोग्राफर येणार होता. नवा करकरीत युनिफॉर्म, खिशावर भरतकामानं काढलेलं नाव आणि मागं आपलं टेबल. हा फोटो भावाला पाठवायचा, म्हणजे त्याचं तोंड कायमचं बंद.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यांनी जुने दोन युनिफॉर्म दारामागच्या खुंटीला टांगले आणि दारावर, खुंटीच्या बरोबर खाली, एक ठसठशीत स्टिकर चिकटवला. मग इस्त्रीवाल्याकडून नवा युनिफॉर्म आणायला गेले. त्यानं तो प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून दिला. चिमाजींनी तिथंच कव्हर काढून परत केलं, वर दहा मिनिटं त्याला पर्यावरण समजावून सांगितलं, आणि उघडा शर्ट-पँट घरी आणून एकतीस वर्षांच्या सवयीनं त्याच खुंटीला टांगला. त्यानंतर फोटोसाठी केस काळे करून घ्यायला ते सलूनमध्ये जाऊन बसले. तिथं नंबर मोठा होता, घरी यायला रात्र झाली.

शनिवारी सकाळी सव्वासहाची बस. पावणेसहाला चिमाजींनी दार लोटून बघितलं, तर खुंटी मोकळी. खाली स्टिकर तेवढा होता, तोही अर्धा सुटून उलटा लोंबत.

"दीपमाला, युनिफॉर्म कुठाय?"

"शिवले ना मामा. नऊ पिशव्या झाल्या. एक शर्ट तर इतका कडक होता, सुई मोडली."

"अगं, तो नवा होता."

"वाटलं होतं मला. पण विचारायचं नव्हतं ना."

चिमाजी बायकोकडं वळले. "कुठायत पिशव्या?"

"काल रात्रीच बचत गटाच्या बैठकीत वाटल्या. बायकांनी तुमच्या नावानं टाळ्या वाजवल्या."

"आणि नावाची पिशवी? खिसा होता ती?"

"ती भाजीवाल्या छबूबाईंना दिली. म्हटलं, मोबाइल ठेवायला वर खिसा पण आहे."

चिमाजी बनियन आणि टॉवेलवर कोपऱ्यावर पोचले. जुन्या काळेवाडीच्या छबूबाई भल्या पहाटेच दुकान मांडून बसायच्या. नावाची पिशवी हिरव्या मिरच्यांनी टम्म फुगलेली होती.

"छबूबाई, ती पिशवी परत द्या."

"का वो? दिल्यालं परत मागत्यात व्हय?"

"तिच्यावर माझं नाव आहे."

"नाव तुमचं असंल, पर पिशवी माझी हाय. सुमननं चार बायांदेखत दिली. आन आजपास्नं प्लॅस्टिक बंद म्हून शपत घातली मला. आता मिरच्या डोस्क्यावर घिऊ?"

चिमाजींनी फोटोचं, भावाचं, कॅमेऱ्याच्या चिकटपट्टीचं सगळं एका दमात सांगितलं. छबूबाईंनी मिरच्या गोणपाटावर ओतल्या आणि पिशवी झटकून पुढं केली.

"फोटूत नाव दिसाय पायजे बगा," त्या म्हणाल्या. "आन मला दुसरी शिवून धाडा."

घरी येऊन चिमाजींनी नवनाथचा पांढरा शर्ट चढवला. तो पोटावर जरा ताणत होता. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. दाराला पाठ टेकून उभ्याउभ्याच त्यांनी बूट घातले, पिशवी काखेत मारली आणि पळत सुटले.

कंपनीत स्टोअरला जादा युनिफॉर्म नव्हता. चिमाजी पांढऱ्या शर्टातच लाइनवरून फिरले आणि जिकडं पाठ वळेल तिकडं खसखस पिकली. पिशवीला हसतायत, त्यांनी मनाशी म्हटलं. हसू देत.

चहाच्या सुट्टीत निरोपाचा कार्यक्रम झाला. फोटोग्राफरनं त्यांना टेबलाशी उभं केलं.

"काका, ती पिशवी बाजूला ठेवा."

"नाही ठेवत," चिमाजी म्हणाले, आणि खिसा बरोबर छातीवर येईल अशी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. फोटोत नाव स्वच्छ आलं. त्यांना एकदम भरून आलं, आणि त्यांनी त्याच पिशवीनं डोळे पुसले. आत दोनचार मिरच्या फुटल्या होत्या. मग जे पाणी लागलं ते थांबेचना. त्यांचं रडणं बघून मॅनेजरसाहेबांचाही आवाज कापरा झाला आणि पाच मिनिटांचं भाषण वीस मिनिटं चाललं.

संध्याकाळी घरी येऊन ते गळ्यातला हार खुंटीला अडकवायला वळले.

"अहो, हलू नका," मागून सुमनताई म्हणाल्या. "तुमच्या पाठीवर काय आहे ते वाचते. रिजेक्ट."

चिमाजींनी तडक निरंजनला फोन लावला.

"बघितला होता ना, सकाळी बसमध्येच," निरंजन म्हणाला.

"मग काढला का नाही?"

"आम्हाला अधिकार कुठंय, चिमाजीराव? क्वालिटीवाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. क्वालिटीवाले तर तुम्हीच."

चिमाजींनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. सोमवारी सव्वासहाला बस येईल आणि आपल्याला न घेता जाईल, हे त्यांना आत्ता कुठं कळलं.

"बरोबरच लागलाय," ते हळूच म्हणाले. "माल जुना झाला."

सुमनताईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं. एकदा या बाजूनं बघितलं, फिरवून त्या बाजूनं बघितलं, आणि पाठीवरचा स्टिकर ओढून काढला.

"रिजेक्ट नाही," त्या म्हणाल्या.

"मग ओके?" चिमाजींनी आशेनं विचारलं.

"ओके कसले? माझा मिक्सर टाकायला निघाला होतात. रिवर्क." त्यांनी नावाची पिशवी चिमाजींच्या हातात दिली. "जा, कोथिंबीर आणा. आणि छबूबाईंना सांगा, दुसरी पिशवी तुम्ही स्वतः शिवून देणार आहात."

चिमाजी नावाची बाजू बाहेर करून निघाले. शिलाई मशीनमध्ये दोरा कुठून ओवतात, हे दीपमालाला विचारायला ते जिन्यातून एकदा परत आले.