न कापलेली पानं

सखूमावशीइतक्या कादंबऱ्या आमच्या बेटावरच्या पितों गावात कोणी वाचल्या नसतील, आणि एकही कादंबरी तिने शेवटपर्यंत वाचली नव्हती. फ्लाक शहराच्या बाजारातून ती जुनी फ्रेंच पुस्तकं आणायची. त्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असत. चाकूने कापत कापत वाचावं लागे. शेवटची पानं मावशी कापायचीच नाही.

"लिवणाऱ्याला काय, मारून मोकळा! पितोंमदी मी कुनाला मरू देनार नाय."

सत्तरच्या दशकात स्वेटरचे कारखाने निघाले, तेव्हा आम्ही दोघी शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. कॉलर जोडता जोडता ती गोष्ट सांगायची. पुस्तकातला शंभर वर्षांपूर्वीचा सरदार फ्लाकच्या बसचा कंडक्टर व्हायचा, राजवाड्यातल्या नाचाची आमच्याकडली हळद व्हायची, आणि नायिका ओव्हरटाइम करायची. शेवटी लग्न ठरलेलं. फ्लाकचा खरा कंडक्टर म्हणजे टक्कल पडलेला, चार पोरांचा बाप. पण गोष्टी ऐकून कारखान्यातल्या मुली त्याच्याकडे बघून लाजू लागल्या. बिचारा घंटी वाजवायला विसरायचा.

मी हसायचे, पण मलाही ते लग्न हवंच असायचं. ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं तो मुकुंद लंडनला नर्सिंग शिकायला गेला होता आणि पाच महिने त्याचं पत्र नव्हतं.

आलं तेव्हा ते फोडायचा मला धीर झाला नाही. तसंच मावशीकडे घेऊन गेले. म्हटलं, "आत काय असेल ते तूच सांग."

तिने ते निळं पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "आयो, मो फी, माज्या लेकी," म्हणाली, आणि पुस्तकांचा चाकू घेऊन सरळ कडा कापली. "ह्ये पुस्तक नाय, पोरी. वाच."

माझी वाट बघू नकोस, असं त्याने लिहिलं होतं. मी खूप रडले. मावशीने एकही कंडक्टर मध्ये आणला नाही. चहा केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने ती उठली. सगळ्यांत जुन्या पुस्तकातून तिने आणखी एक निळं पत्र काढलं. तेही विलायतेचंच, कडा अजून बंद.

"बारा वर्सं झाली. येकच धाडलं त्यानं. माज्यानं फोडवलं नाय. मनातल्या मनात दरसाल आमचं लगीन लावते."

तिने चाकू माझ्या हातात दिला.

"तू वाच. जसं हाय तसं. शेवट बदलू नको."