बदनाम शब्दाचे वकील

माझ्या मुलीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. मी व्याह्यांना जिलबीचा आग्रह करत होतो. तेवढ्यात पलीकडच्या पानावरून खणखणीत आवाज आला, "बॅन्यो म्हणजे काय, ठाऊक आहे का जी?"

व्याही म्हणाले, "नाही बुवा."

"कुंटणखाना!"

व्याह्यांचा घास घशातच राहिला. विहीणबाई पदर सावरत उठल्या. मी कपाळाला हात लावला. हे आमचे भुजंगराव वकील.

हैदराबादच्या गौलीगुड्यात आम्ही एकाच इमारतीत राहतो. कोर्ट सुटून बरीच वर्षं झाली तरी भुजंगरावांचा काळा कोट सुटलेला नाही. हल्ली ते बदनाम शब्दांचं वकीलपत्र घेतात आणि हा जुना इंग्रजी शब्द त्यांचा सगळ्यात लाडका अशील.

"मूळचा इटलीचा," व्याह्यांना पाणी देत ते पुढे म्हणाले. "अर्थ काय, तर स्नानगृह! सभ्य माणसांचा हमाम. लंडनला गेला तोही अंघोळीपुरताच. मग गिऱ्हाइकं मुक्कामाला राहू लागली, खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, शेजारीपाजारी कुजबुजू लागले आणि झाला की कुंटणखाना! शब्दाची काय चूक? माझा अशील निर्दोष आहे जी."

लग्न मोडलं नाही, ही देवाची कृपा.

पुढे तिसऱ्या मजल्यावर सुजाता राहायला आली. मूळची नांदेडची, नोकरी हायटेक सिटीत, तीही रातपाळीची. पहाटे कंपनीची गाडी तिला सोडून जाई. गाडी रोज वेगळी, ड्रायव्हर रोज वेगळा. आमच्या इमारतीला तेवढं पुरलं. सेक्रेटरी यादगिरींनी गच्चीवर मीटिंग बोलावली. तिला खोली खाली करायला सांगायची, एवढाच विषय. पोरगी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती.

भर मे महिन्यात भुजंगराव काळा कोट चढवून, गळ्याला वकिलीचे पांढरे बँड लावून आले आणि सुरू झाले, "बॅन्यो हा शब्द..."

यादगिरी वैतागले. "वकीलसाब, इदर लडकी का मामला चल रा. अंग्रेजी नक्को!"

"त्याच मामल्यावर येतोय. त्या हमामात चोवीस तास गरम पाणी. लोक स्वच्छ होऊन घरी जात. त्याचा अर्थ कोणी बिघडवला? शेजाऱ्यांनी! आता तुम्ही या पोरीचा बिघडवायला निघालात."

दोन-चार माना डोलल्या. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी अगदी मनापासून विचारलं, "चोवीस तास? टँकरने यायचं का हो?"

झालं! आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. पाण्याची मोटार कोण जास्त चालवतं, यावर तोंडं सुटली. टाकीचा वॉल्व्ह नेहमी यादगिरींच्याच घराकडे वळतो, हे कोणीतरी बोलून गेलं. यादगिरी तणतणत खाली निघून गेले आणि त्यांच्या मागोमाग भांडत भांडत सगळी गच्ची खाली उतरली. सुजाताचं नाव कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"प्रतिपक्ष गैरहजर. दावा खारीज," भुजंगराव रिकाम्या खुर्च्यांना म्हणाले. सुजाताला हसू आणि रडू एकदमच आलं.

जिना उतरताना ते दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या दाराशी पायरीवर बसले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुमचा मुद्दा कोणी ऐकलाच नाही हो."

"नसू दे. पोरगी राहिली ना?" त्यांनी गळ्याचे बँड सोडले. "पहाटे ती येते तेव्हा मी दारात उभा असतो. 'आजोबा, झोप झाली का?' म्हणते. मी तिला एक शब्द सांगतो. झोपेने डोळे मिटत असतात तिचे, पण ऐकून घेते, पूर्ण ऐकून घेते. ती वर गेली की मग दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही हो."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "ते बॅन्यो म्हणजे काय हो?"

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मग बँड पुन्हा गळ्याला लावले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.